चालून जाईल

रविवारची सकाळ झाली की आमच्या अंगणात एक जुने पोते अंथरले जाते. त्यावर पाने, पक्कड, डिस्मिस, रॉकेलची वाटी आणि जुन्या लुंगीच्या चिंध्या मांडल्या जातात. समोर अब्बांची येझदी स्टँडवर उभी असते. गल्लीतून जाणारा कोणी तरी थांबतो आणि विचारतो, ‘अजून चालते का?’ आम्ही म्हणतो, ‘चालते.’ तो मान डोलावून पुढे जातो. किती तरी वर्षे हा सवाल-जवाब चालू आहे. पण ‘चालते’ या एका शब्दाखाली आपण काय काय झाकून ठेवतो, याचा विचार आम्ही २०१२ सालच्या रमजानपर्यंत कधी केला नव्हता. त्यानंतर मात्र तो शब्द उच्चारताना जीभ थोडी अडखळते.

अब्बा शिक्षक होते. त्यांनी ही गाडी १९८४ साली घेतली, तेव्हा महिन्याच्या पगारातून घरखर्च भागवून उरेल ते बाजूला टाकत टाकत पैसे जमवले होते. अडीचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, दोन बाजूंना दोन सायलेन्सर, आणि ज्या दांड्याने किक मारायची तोच आत दाबून पुढे वळवला की गिअरचा दांडा, अशी तिची तऱ्हा. पेट्रोलमध्ये ऑइल हाताने मोजून मिसळायचे; विसरलो तर पिस्टन जाम. म्हैसूरच्या ज्या कारखान्यात ती तयार झाली, तिथले उत्पादन १९९६ साली थांबले. त्यानंतर २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावे नव्या गाड्यांवर पुन्हा आली, पण त्या गाड्या वेगळ्या. आमच्या गाडीचा सुटा भाग शोधायचा तर आजही जुन्या बाजारातच हिंडावे लागते, आणि मिळालेला भाग अस्सल आहे की कोणी नंतर बनवलेला, हे हातात घेऊन, निरखून ठरवावे लागते.

अब्बा गेल्यावर गाडी विकून टाका, असा सल्ला सगळ्यांनी दिला. आम्ही विकली नाही. भावना हे एक कारण होते, पण तेवढेच नव्हते. ज्या वस्तूवर बापाने वर्षानुवर्षे हात फिरवला, ती आपल्याकडे अमानत म्हणून येते, असे आम्हांला वाटत होते. अमानत जपायची, तर ती दुसऱ्याच्या हाती सोपवून जपता येत नाही. म्हणून आम्ही पाना हातात घेतला.

शिकवायला उस्ताद होते. त्यांचे गॅरेज म्हणजे पत्र्याचे एक छप्पर आणि त्याखाली काळी पडलेली जमीन. शाळा सुटलेली तीन-चार पोरे तिथे कायम असत. आपल्या समाजात हे चित्र नवे नाही. मुस्लिमांमध्ये पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या छोट्या धंद्यावर पोट भरणाऱ्यांचे प्रमाण इतरांहून जास्त आहे, हे २००६ साली सच्चर समितीच्या अहवालाने कागदावर मांडले. गल्लीला ते आधीपासून ठाऊक होते. दुरुस्ती ही आपल्याकडे कमी प्रतीची विद्या मानली जाते. वास्तविक आमच्या मिरजेत हत्यारांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले, तेव्हा ते आधी बिघडलेले वाद्य दुरुस्त करायला शिकले आणि मग नवे घडवू लागले, असे सांगितले जाते. त्याच मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जो दुरुस्त करतो, त्याला वस्तू आतून कळते. घडवणाऱ्यालाही कधी कधी तेवढी कळत नाही.

उस्तादांकडून आम्ही पॉइंटची फट फिलर गेजने कशी बघायची ते शिकलो. प्लग काढून त्याचा रंग वाचायला शिकलो : काळा आणि ओला असेल तर ऑइल जास्त किंवा स्पार्क कमजोर, पांढरट असेल तर इंजिन कोरडे, तापलेले, विटकरी तपकिरी असेल तर देवाचे नाव घेऊन बसवून टाका. सायलेन्सरच्या आतली जाळी काढून तिच्यावरचा काजळीचा थर जाळायला शिकलो. बोअर मारला की पिस्टन पाव मिलिमीटरने मोठा घ्यावा लागतो, पुढच्या वेळी अर्ध्याने, आणि काही वेळा असे झाले की सिलिंडरच्या भिंतीत धातू उरत नाही, हेही तिथेच कळले. म्हणजे दुरुस्तीने गाडी पूर्वीसारखी होत नाही. प्रत्येक दुरुस्तीत तिच्यातले काही तरी खर्ची पडते. हा हिशेब लक्षात ठेवणारा खरा मिस्त्री.

पण गॅरेजमध्ये आणि घरच्या अंगणात एक मोठा फरक असतो, तो आमच्या फार उशिरा लक्षात आला. गॅरेजमध्ये गिऱ्हाईक असते. ते पैसे मोजते, म्हणून प्रश्न विचारते. काम बिघडले तर दुसऱ्या दिवशी येऊन उभे राहते. घरी मात्र काम करणारे आपणच, तपासणारे आपणच आणि पास करणारेही आपणच. आरोपी, साक्षीदार आणि काझी एकाच पोत्यावर मांडी घालून बसलेले. अशा अदालतीत निकाल बहुतेक वेळा एकच लागतो : चालून जाईल.

आता त्या रमजानची गोष्ट. त्या वर्षी रमजान जुलैच्या उत्तरार्धात सुरू झाला, भर पावसाळ्यात. त्याच्या महिनाभर आधी आम्ही पुढच्या चाकाचे बेअरिंग घरीच बदलले होते. पहिल्यांदाच करत होतो. बेअरिंग बसले, चाक फिरले, मन भरून आले. उत्साहाच्या भरात आम्ही हबमध्ये ग्रीस ठासून भरले. बापाची गाडी, हात कशाला आखडायचा? जास्त घातले तर फायदाच होईल, नुकसान कसले, असे वाटले.

नुकसान होते. बेअरिंगला गोळ्या फिरतील एवढेच ग्रीस लागते. उरलेले चाक फिरून तापले की पातळ होते आणि वाट मिळेल तिकडे सरकते. पुढच्या चाकात त्या वाटेवर ब्रेकचा ड्रम असतो. पंधरा-वीस दिवसांनी ब्रेक दाबला की गाडी थांबण्याऐवजी सरकल्यासारखी वाटू लागली. आम्ही चाक उघडले. ब्रेक शूचे लायनिंग काळे, तेलकट झाले होते. उस्तादांना दाखवायला गेलो, तर त्यांनी बघताक्षणीच सांगितले, ‘बेरिंगकू ग्रीस लगती, हबकू नै. ये शू अब गये. नये डालो.’

लायनिंग एकदा ग्रीस प्याले की वरून पुसून ते निघत नाही. तापले की आतले पुन्हा वर येते. हे उस्तादांनी समजावून सांगितले होते. म्हणजे आम्हांला माहीत होते. पण येझदीचे शू त्या दिवशी बाजारात मिळाले नाहीत. मागवावे लागणार होते. आम्ही घरी आलो, शू पेट्रोलने धुतले, पॉलिश पेपरने घासले, ड्रम पुसला आणि चाक पुन्हा चढवले. गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारली. ब्रेक लागला. आम्ही मनाशी म्हटले, नवे येईपर्यंत चालून जाईल.

आठवडा गेला. रोजे सुरू झाले. शू आणायचे राहून गेले. एका संध्याकाळी इफ्तारला थोडा वेळ उरला असताना भाचा आला. एकोणीस वर्षांचा, लायसन काढलेला, शांतपणे गाडी चालवणारा मुलगा. म्हणाला, ‘मामू, गाडी लेके जाऊ? पाच मिनटमें आता.’ आम्ही चावी दिली. ब्रेकबद्दल एक शब्द बोललो नाही. लपवायचे मनात नव्हते. वजूची घाई होती आणि ती गोष्ट ओठांवर आली नाही, इतकेच.

बाजाराच्या तोंडाशी केळीचा गाडा ढकलत एक बागवान चाचा रस्ता ओलांडत होते. भाच्याने ब्रेक दाबला. पाऊस नुकताच पडून गेला होता. गाडी थांबली नाही. चाचांच्या घोट्याचे हाड मोडले, गाडा आडवा झाला, केळी चिखलात गेली. भाच्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही.

दोन्हीकडच्या बुजुर्गांनी बसून आपसात मिटवले. जो तो म्हणाला, पावसाचा रस्ता, पोराचा हात बसलेला नाही, इफ्तारची घाई, मुकद्दर. दवाखान्याचा खर्च आम्ही उचलला. पायाला दीड महिना प्लास्टर होते आणि गाडा त्याहून जास्त दिवस दोरीने बांधून ठेवलेला. त्या काळात आम्ही दर जुम्म्याला चाचांच्या घरी जात होतो, कधी राशन, कधी रोख. चाचा आणि त्यांच्या घरच्या आम्हांला दुआ देत. गल्लीत लोक म्हणाले, रमजानमध्ये असे दिल असावे.

ती दुआ आम्हांला टोचू लागली. जे देणे लागत होतो, ते आम्ही खैरात म्हणून देत होतो, आणि वर सवाबाचे श्रेयही घेत होतो. हर्जाना आणि खैरात यांत रुपयांचा फरक नसतो. घेणाऱ्याची मान ताठ राहते की झुकते, एवढाच फरक असतो. चाचांची मान आमच्यापुढे झुकत होती, आणि झुकायला हवी होती आमची.

त्यावर मनात युक्तिवाद चालू झाला. आम्ही मुद्दाम केले का? नाही. आमची नियत चांगली होती ना? होती. बापाची आठवण जपत होतो, भाच्याचे काम अडू दिले नाही. आणि अमल नियतीवर ठरतात, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. शिवाय अपघात ग्रीसनेच झाला हे तरी कुठे सिद्ध होते? ओला रस्ता होता, ड्रममध्ये पाणी गेलेले असू शकते, नवीन शू असते तरीही गाडी घसरली असती कदाचित. आजही आम्ही शपथेवर सांगू शकत नाही की तो पाऊस होता की ग्रीस. गाडीच्या कागदपत्रांवरसुद्धा सगळे ठीकठाक होते. पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. आमची २०१४ पर्यंत वाढवलेली होती.

हा ‘पाऊस होता’चा मुद्दा मनात घोळत असताना मदरशात ऐकलेला एक प्रसंग आठवला. तुम्हांलाही ठाऊक आहे. पैगंबरसाहेबांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा त्याला विचारले गेले, की मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. हा प्रसंग आम्ही शेकडो वेळा ऐकला होता, पण त्यातल्या पावसाकडे आमचे कधी लक्ष गेले नव्हते. पावसाबद्दल त्या माणसाला कोणी दोष दिला नाही. पाऊस कोणाच्या हातात असतो? दोष ओल खाली दडपून ठेवण्याचा होता.

त्या उजेडात आम्ही आमचे काम पुन्हा उलगडून पाहिले, गाडी उघडावी तसे, एकेक भाग वेगळा करून. पहिली चूक ग्रीस ठासण्याची. ती अज्ञानाची होती. तिथे नियत आमची बाजू घेऊ शकते. दुसरी चूक खराब शू परत बसवण्याची. ती अज्ञानाची नव्हती. माहीत असून आळसाने केलेली होती. तिथे नियतीची साक्ष अर्धीच चालते. तिसरी गोष्ट म्हणजे न सांगता चावी देणे आणि अपघातानंतर गप्प बसून पावसाला व पोराला पुढे करणे. इथे नियत आमची साक्षीदारच नव्हती. चांगली नियत काम सुरू करताना लागते. काम बिघडल्यावर तिच्या आड उभे राहता येत नाही. लोखंडाला तर नियत कळतच नाही. त्याला नट किती आवळला आहे एवढेच कळते.

ईदनंतर आठ दिवसांनी आम्ही आधी भाच्याला सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मामू, मेरेकू लग्या मेरीच गलती थी. मैं दाब्या था, पूरा दाब्या था.’ गेले महिनाभर त्याने कोणत्याच गाडीला हात लावला नव्हता आणि आम्ही ते पाहत होतो. चाचांचे हाड मोडले ते सगळ्यांना दिसले. या पोराचे काय मोडत होते, ते फक्त आम्हांला माहीत होते, आणि आम्ही ते चालू दिले होते.

मग चाचांकडे गेलो. जे घडले ते सांगितले : ग्रीस, शू, पॉलिश पेपर, उस्तादांचा शब्द, सगळे. त्यांचा मुलगा तिथेच बसला होता. तो उठून आत गेला. पुढे दोन वर्षे तो आमच्याशी बोलला नाही, आणि त्यात त्याचे काही चुकले असे आम्हांला वाटत नाही. चाचा पायाकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी विचारले, ‘फिर वो बिरेक बदल्या क्या?’ बदलला होता. तसे सांगितले. ते म्हणाले, ‘बदल्या ना. बस.’ माफ केले असे ते म्हणाले नाहीत आणि आम्हीही तो शब्द त्यांच्याकडून काढून घेण्याचा आग्रह धरला नाही. त्या दिवसापासून आम्ही जे देत होतो, ते हिशेब करून दिले : बुडालेल्या धंद्याचे इतके, नासलेल्या मालाचे इतके, गाड्याच्या चाकाचे इतके. चाचांनी आकडे नीट तपासले. एका आकड्यावर हरकतही घेतली. मान ताठ ठेवून घेतली. ते आम्हांला बरे वाटले.

कोणी म्हणेल, या एवढ्या कारणासाठी घरी दुरुस्ती करणेच सोडून द्यावे. काही मित्रांनी तसे सुचवलेही. आम्हांला ते पटत नाही. आपल्यातल्या कितीकांना नवी वस्तू परवडत नाही. तारेने बांधून, चिंधी लावून, रबर कापून वस्तू चालू ठेवणे ही गरिबाची विद्या आहे आणि तिला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न जुगाड करावा की नाही हा नसून कुठे करावा हा आहे. सीट फाटली, रेक्झिनचा तुकडा शिवला. मडगार्ड खडखडते, रबराचा तुकडा सारला. किक बसत नाही, चार जास्त मारल्या. या चुकांची किंमत आपण मोजतो. पण ब्रेक, टायर, चाकाचे नट, रात्रीचा दिवा यांच्या चुकीची किंमत रस्त्यावरून चालणारा मोजतो; त्याला कोणी विचारलेले नसते. स्वतःच्या खिशातून हवी तेवढी उदारी करावी. दुसऱ्याच्या घोट्यावर उधारी करू नये.

हीच कसोटी पुढे नेली की आणखी काही गोष्टी अडचणीत येतात, आणि त्या टाळता येत नाहीत. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचे. ड्रम उघडला की आतली धूळ तोंडाने फुंकून उडवायची, अशी सगळ्या गॅरेजांची रीत होती. आम्हीही शेजारी पोर बसलेले असताना फुंकत आलो. आता ओल्या फडक्याने पुसतो. काढलेले ऑइल गटारात ओतत होतो. आता डब्यात साठवून भंगारवाल्याला देतो. टू-स्ट्रोक इंजिनात थोडे पेट्रोल आणि ऑइल न जळताच धुरावाटे बाहेर पडते. तो धूर शेजाऱ्याच्या खिडकीत जातो. म्हणून येझदी आता रोजच्या कामाला काढत नाही. रविवारी एक फेरी, तीही ऑइल मापाने घालून आणि गल्लीत उगाच रेस न करता. एवढ्याने धूर निर्दोष होतो, असा आमचा दावा नाही. अमानत जपण्याच्या हट्टाची किंमत थोडी तरी शेजाऱ्यावर पडतेच. ती कमी करत राहणे आमच्या हातात आहे, आणि ज्या दिवशी ते जमणार नाही, त्या दिवशी गाडी उभी करावी लागेल.

गाडीच्या चावीजवळ आता एक शंभरपानी वही टांगलेली असते. काय उघडले, काय बदलले आणि काय करायचे बाकी आहे, ते तिच्यात लिहायचे. बाकीचे खाते सर्वांत वर. चावी घेणाऱ्याने आधी ते वाचायचे. ब्रेकचे काही बाकी असेल तर चावी खुंटीवर नसतेच, आमच्या खिशात असते.

भाचा आता बत्तिशीचा झाला आहे. रविवारी कधी कधी तो येतो आणि पोत्याच्या दुसऱ्या टोकाला बसतो. गेल्या रविवारी पुढची ब्रेक केबल बघताना एक बारीक तार तुटलेली दिसली. बाकीच्या शाबूत होत्या. त्याने केबल बोटांत फिरवली, उजेडाकडे धरली आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही. त्याने वही ओढली आणि बाकीच्या खात्यात लिहिले : पुढची केबल, एक तार तुटली. मग खुंटीवरची चावी काढून त्याने आमच्या हातात दिली.

तेवढ्यात गल्लीतून कोणी तरी विचारले, ‘काय, अजून चालते का?’

‘आज नाही,’ तो म्हणाला.